काटकसर आणि लक्ष्यवेध

नीतिशास्त्राचे मोठे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उद्भवतात, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. प्राण द्यावे कीं सत्य सोडावें, राजाज्ञा पाळावी कीं अंतःकरणाचा आदेश, असले प्रश्न व्याख्यानपीठावर शोभून दिसतात, आणि आम्ही अध्यापक मंडळी तेच वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडीत असतों. परंतु मनुष्याचें बहुतेक आयुष्य बाजारांत, शेतावर आणि कचेरींत जातें. तेथें त्याला जे निर्णय घ्यावे लागतात त्यांत नीतीचा अंश असतो हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं, कारण ते खरेदीविक्रीच्या पोशाखांत त्याच्यापुढें येतात. आज आम्ही असाच एक लहान, आणि आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस परका वाटेल असा प्रश्न विचारास घेणार आहों. तो असा: अमेरिकेंतील मध्यम प्राप्तीच्या एखाद्या मनुष्यास, शेताला उपद्रव देणारे लहान प्राणी मारण्याच्या आपल्या रायफलीवर बसविण्यासाठीं, कमीअधिक शक्तीची परंतु खिशास परवडणारी दुर्बीण घ्यावयाची झाल्यास त्यानें ती कोणत्या तत्त्वानें निवडावी?

वाचक म्हणतील, हा प्रश्न दुकानदाराचा. त्याचें उत्तर मालाच्या यादींत सांपडेल, त्यासाठीं मासिकाचीं पानें कशाला? आमचें म्हणणें असें कीं, यादींत त्याचें अर्धेंच उत्तर सांपडतें. कोणती दुर्बीण काय करते हें यादी सांगेल. 'परवडणें' म्हणजे काय, हें ती सांगणार नाहीं. आणि या एका शब्दाच्या अर्थावरच सारा वाद अवलंबून आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ज्या प्राण्यांस अमेरिकेंत 'व्हार्मिंट' म्हणतात त्यांत मुख्यतः तीन येतात. पश्चिमेकडील गवताळ पठारांवर वसाहती करून राहणारा प्रेअरी डॉग हा एक. नांवांत कुत्रा असला तरी तो खारीच्या कुळांतला, बिळांत राहणारा व गवत खाणारा प्राणी आहे. पूर्वेकडील पेनसिल्व्हेनिया, ओहायो वगैरे राज्यांच्या कुरणांत बिळें करणारा ग्राउंडहॉग हा दुसरा. आणि कोंबड्या-मेंढ्यांवर टपणारा कोयोट हा तिसरा. पहिले दोन चारा व पिकें खातात, आणि त्यांच्या बिळांत गुरांचे पाय अडकून मोडतात, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. हे प्राणी लहान, सावध, आणि मनुष्य दिसतांच बिळांत शिरणारे असल्यामुळें त्यांना दुरून मारावें लागतें. उभा राहिलेला प्रेअरी डॉग रुंदीला तीनचार इंचांहून फारसा अधिक भरत नाहीं, आणि त्याच्यावर नेम धरणारा दोनशें-तीनशें यार्डांवर बसलेला असतो. या कामासाठीं हलक्या व अतिवेगवान गोळीच्या रायफली मुद्दाम निर्माण झाल्या. १९३० च्या सुमारास .२२ हॉर्नेट, १९३५ सालीं .२२० स्विफ्ट, १९५० सालीं .२२२ रेमिंग्टन, आणि १९६५ सालीं रेमिंग्टन कंपनीनें अंगीकारलेलें .२२-२५० हें काडतूस, अशी ही परंपरा आहे. यांपैकीं स्विफ्टची गोळी सेकंदास चार हजार फुटांहून अधिक वेगानें सुटते. सामर्थ्य असें वाढत गेलें, परंतु डोळा पूर्वीचाच राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठीं दुर्बीण आली.

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. जॉन चॅपमन यानें १८४४ सालीं अमेरिकन रायफलीवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्यांत अशा दुर्बिणीचें वर्णन आहे. १८५५ पासून न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज येथें विल्यम मॅल्कम हा त्या बनवून विकूं लागला, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धांत निवडक नेमबाजांनीं त्या वापरल्या. परंतु त्या काळची नळी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकी लांब, नाजूक आणि महाग असे. ही वस्तु सामान्य मनुष्याच्या आटोक्यांत आणण्याचें बरेंचसें श्रेय विल्यम वीव्हर या तरुण कारागिराकडे जातें. त्यानें १९३० सालीं, ऐन मंदीच्या तोंडावर, केंटकी राज्यांत आपली '३-३०' नांवाची दुर्बीण बैठकीसह १९ डॉलरांस विकावयास काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर नळींत नायट्रोजन भरण्याची युक्ति प्रचारांत आली, त्यामुळें भिंगांवर आंतून दंव धरण्याचें थांबलें; भिंगांवर पातळ लेप देऊन वायां जाणारा प्रकाश वाचविण्यांत येऊं लागला; आणि कडें फिरवून शक्ति कमीअधिक करतां येईल अशा दुर्बिणी हळूहळू सर्वत्र झाल्या. आज त्या शंभर डॉलरांपासून कित्येक हजार डॉलरांपर्यंत मिळतात. निवडीचा प्रश्न या विपुलतेंतूनच जन्मला आहे. जेथें एकच वस्तु मिळते तेथें विवेकाला फारसें काम नसतें.

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो शक्तीचा आंकडा. ३ ते ९ पट, ४ ते १२ पट, ६ ते १८ पट, ६ ते २४ पट, अशी ही चढती श्रेणी असते. आंकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, हा समज इतका स्वाभाविक आहे कीं कित्येक स्वस्त दुर्बिणींचा खप त्यावरच चालतो. प्रकाशशास्त्राचा हिशेब निराळा आहे. पुढील भिंगाच्या व्यासास शक्तीच्या आंकड्यानें भागलें म्हणजे डोळ्याशीं येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरच्या भिंगावर ४ पट शक्ति ठेवली तर तो १० मिलिमीटर, १२ पट ठेवली तर सुमारें सव्वातीन, आणि २० पट ठेवली तर अवघा २ मिलिमीटर. मनुष्याची बाहुली भर उन्हांत दोनतीन मिलिमीटर असते आणि संधिप्रकाशांत पांचसहापर्यंत विस्तारते. म्हणजे दुपारच्या उन्हांत मोठी शक्ति चालून जाते, परंतु कोयोट बाहेर पडण्याच्या सांजवेळीं तीच चित्र काळवंडून टाकते. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरी तितक्याच पटीनें मोठ्या दिसतात, हाताचा कंपहि तितक्याच पटीनें वाढतो, आणि दृष्टीचें क्षेत्र आकुंचित होतें. ३ पट शक्तीवर शंभर यार्डांवरील तीसएक फुटांचा पट्टा दिसतो; ९ पटीवर तो दहाबारा फुटांवर येतो. मोठी शक्ति लक्ष्य जवळ आणते खरी, परंतु पाहणाराचे दोषहि ती बरोबर घेऊन येते.

जे गुण आंकड्यांत दिसत नाहींत तेच येथें खरे महत्त्वाचे. त्यांतला एक म्हणजे पॅरॅलॅक्सचें निवारण. नळींतील तारांची फुली आणि लक्ष्याची प्रतिमा हीं एकाच पातळींत नसलीं, तर डोळा किंचित् हलतांच फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. ४० मिलिमीटर भिंगाची आणि शंभर यार्डांवर कायमची जुळविलेली दुर्बीण तीनशें यार्डांवर वापरली, आणि डोळा मध्यावरून पुरता ढळला, तर या एकाच कारणानें नेमांत दीड इंचाहून थोडी अधिक चूक होऊं शकते. प्रेअरी डॉगच्या रुंदीच्या मानानें ही चूक जवळजवळ निम्मी होय! म्हणून या कामाच्या दुर्बिणीस अंतराप्रमाणें जुळवणी करण्याची सोय असली पाहिजे. दुसरा गुण म्हणजे नेम सुधारण्याच्या घुंड्यांचा प्रामाणिकपणा. आपल्या जुन्या ज्योतिषांत अंशाच्या साठाव्या भागास 'कला' म्हणतात. या दुर्बिणींचें मापहि बहुधा तेंच. शंभर यार्डांवर एक कला म्हणजे एक इंचाहून किंचित् अधिक, आणि तीनशें यार्डांवर तीन इंचांहून किंचित् अधिक. घुंडी एकदां 'टक्' करून फिरली म्हणजे नेम बहुधा पाव कला सरकतो. चांगली घुंडी सांगितलें तितकेंच सरकते आणि उलट फिरविली कीं मूळ जागीं येते. वाईट घुंडी आज एक आणि उद्यां दुसरें बोलते. परीक्षा सोपी आहे. कागदी लक्ष्यावर एक गोळी झाडावी. मग घुंड्या ठराविक मापानें वर, उजवीकडे, खालीं आणि डावीकडे अशा क्रमानें फिरवून प्रत्येक वळणावर एकेक गोळी झाडावी. आणि चौकोन पुरा होऊन शेवटची गोळी पहिलीच्या शेजारीं पडते कीं नाहीं तें पाहावें. दुर्बिणीस धरून ठेवणारी बैठक व कडीं यांवरहि हाच न्याय लागू आहे; तीं ढिलीं असलीं तर वरचें उत्तम भिंग व्यर्थ होय.

यावरून व्यवहाराचा निर्णय सहज निघतो. मर्यादित पैशांत २४ पटींची निकृष्ट दुर्बीण घेण्यापेक्षां १२ पटींची विश्वासू दुर्बीण घ्यावी. पैसा प्रथम घुंड्यांच्या खरेपणांत, नंतर भिंगाच्या स्वच्छतेंत, नंतर अंतराच्या जुळवणींत आणि सर्वांत शेवटीं आंकड्यांत घालावा. येथें दुकानदाराचें काम संपतें. तथापि आमचें येथूनच सुरू होतें.

ॲरिस्टॉटलनें द्रव्याच्या व्यवहारांतील सद्गुण उधळेपणा आणि कृपणपणा या दोहोंच्या मध्यें ठेवला. हा मध्य ज्याचा त्यानें आपल्या सांपत्तिक स्थितीप्रमाणें शोधावयाचा, म्हणून काटकसर ही आपण प्रत्येकाची खासगी बाब समजतों. आम्हां मराठी लोकांत तर ती कुलधर्मासारखी मानली जाते. सामान्यतः हें योग्यच आहे, कारण सामान्यतः काटकसरीची झळ काटकसर करणारासच लागते. स्वस्त जोडा घेणाराचेच पाय पावसांत भिजतात. आकाशाकडे पाहण्यासाठीं स्वस्त दुर्बीण घेतली तर शनीचीं कडीं पुसट दिसतील. पाहणाराचा आनंद कमी होईल, शनीचें कांहीं बिघडणार नाहीं. परंतु तीच दुर्बीण रायफलीवर चढली कीं हा सारा हिशेब बदलतो. तिचा नेम दोन इंच ढळला म्हणून गोळी निरुपद्रवीपणें निघून जाते असें होत नाहीं. ती जबडा फोडते, मागचा पाय मोडते. आणि तो जीव खुरडत बिळांत शिरतो व तेथें, कोणाच्या दृष्टीस न पडतां, हळूहळू मरतो. मारणारा समजतो कीं नेम चुकला. त्याचे पन्नास डॉलर वांचले. ते पन्नास डॉलर ज्यानें भरले त्याला या सौद्यांत कोणीं विचारलेंच नव्हतें.

आमच्या मतें 'परवडणें' या शब्दाची नैतिक मर्यादा येथें स्पष्ट होते. काटकसरीची हानि स्वतःवर पडते तोंपर्यंत ती सद्गुण आहे, निदान निर्दोष आहे. ती हानि जेव्हां अशा तिसऱ्यावर पडते, कीं ज्याची संमति घेतलेली नाहीं व घेतां येणारहि नाहीं, तेव्हां तिला काटकसर हें नांव शोभत नाहीं. पुलाच्या बांधकामांत सिमेंट वांचविणाऱ्या ठेकेदारास आपण काटकसरी म्हणत नाहीं. म्हणून गिऱ्हाइकानें आपल्या खिशाकडे पाहण्यापूर्वीं स्वतःला विचारावें कीं, कोणत्या चुका करण्याचा आपल्याला अधिकार आहे? ज्या चुकांचा अधिकार नाहीं त्या टाळण्यास जितका पैसा लागतो तितका या उद्योगाचा किमान खर्च होय. त्याहून कमी पैशांत हा उद्योग परवडत नाहीं, असेंच समजलें पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: ज्या प्राण्यास मारावयाचेंच ठरलें त्याच्या यातनांची एवढी चिंता कशाला? विष घालून, बिळांत धूर कोंडून हेच प्राणी मारले जातात. गोळीनें पाय मोडला तर अधिक काय झालें? या आक्षेपांत दोन गोष्टींचा घोटाळा आहे. एखाद्याचा प्राण घेणें अवश्य आहे एवढ्यावरून त्याला दुःख देणें अवश्य ठरत नाहीं. दुसरें, पहिल्यांत गृहीत धरलेलें नाहीं, त्याचें समर्थन स्वतंत्रपणें करावें लागतें. बेंथामनें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्राण्यांविषयींच्या कर्तव्याचा पाया त्यांच्या बुद्धींत न शोधतां त्यांच्या दुःखसंवेदनेंत शोधला. त्याचें बाकीचें तत्त्वज्ञान कोणास पटो वा न पटो, एवढा भाग खोडून काढणें कठिण आहे. विषाचें उदाहरण तर आक्षेपकावरच उलटतें: एक क्रौर्य रूढ आहे हें दुसऱ्या क्रौर्याचें प्रमाणपत्र होऊं शकत नाहीं.

परंतु आक्षेपाचें मूळ याहून खोल, म्हणजे शब्दांत आहे. 'व्हार्मिंट' हें 'व्हर्मिन' या शब्दाचें ग्रामीण रूप. आणि त्याचें मूळ लॅटिनमधील 'वर्मिस', म्हणजे किडा. एकदां प्राण्यास किडा म्हटलें कीं त्याच्याविषयीं विचार करण्याचें काम संपतें. उपद्रवी आणि निरुपद्रवी यांत भेद करणें शेतकऱ्यास अवश्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण नांव हा निर्णयाचा सारांश असावा, निर्णयाचा पर्याय असूं नये. प्रेअरी डॉगचाच इतिहास पाहा. १८०४ सालीं ल्यूइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेस तो प्रथम दिसला तेव्हां त्यांना इतकें नवल वाटलें कीं १८०५ मध्यें त्यांनीं एक जिवंत प्राणी अध्यक्ष जेफर्सनकडे पाठविला. पुढें विसाव्या शतकांत सरकारी साह्यानेंच त्याच्या वसाहतींवर सर्रास विष घालण्यांत आलें. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगुसासारख्या लांबट अंगाचा प्राणी सर्वस्वी प्रेअरी डॉगवर जगतो. तो नाहींसा झाला असेंच सर्वांनीं धरलें होतें. १९८१ सालीं वायोमिंग राज्यांतील मीटीट्सी गांवाजवळ कांहीं जिवंत सांपडले. १९८७ पर्यंत उरलेले सर्व धरण्यांत आले तेव्हां त्यांची संख्या अवघी १८ होती. त्यांच्यापासून वाढविलेली प्रजा १९९१ पासून पुन्हां रानांत सोडण्यांत येऊं लागली. आणि तिला जगविण्यासाठीं ज्याला किडा म्हटलें तोच प्रेअरी डॉग राखणें भाग पडलें. या प्राण्याच्या पांच जाती आहेत. त्यांपैकीं यूटामधील जातीला १९७३ पासून कायद्याचें संरक्षण आहे. एका कागदावर किडा, दुसऱ्या कागदावर संरक्षित. प्राणी मात्र दोन्हीकडे गवतच खात आहे.

दुसरा आक्षेप याच्या अगदीं उलट बाजूनें येतो, आणि आम्हांस तो अधिक विचारार्ह वाटतो. तो म्हणतो, दुर्बीण चांगली असो वा वाईट, ती मुळांतच अनिष्ट आहे. कारण तिच्यामुळें मारणें सोपें होतें, मारणारा दूर राहतो, आणि जें दूर आहे त्याची दया येत नाहीं. यांत तथ्य आहे. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञानें १९४२ सालीं शिकारीवर लिहिलेल्या निबंधांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, मनुष्याचीं शस्त्रें जसजशीं समर्थ होत गेलीं तसतसा त्यानें आपल्या सामर्थ्यास आपण होऊन आळा घातला, आणि या आळ्यामुळेंच शिकार ही शिकार राहिली. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांचा जो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ सालीं बाहेर पडला, त्यांतहि शिकाऱ्याच्या वाढत्या यंत्रसामग्रीविषयीं हीच चिंता आहे. आणि शिकाऱ्याला पाहणारा प्रेक्षकवर्ग नसल्यामुळें त्याच्या वर्तनाचा साक्षी त्याचें मनच असतें, असें तेथें मार्मिकपणें दाखविलें आहे. तथापि दुर्बिणीचा स्वभाव दुहेरी आहे. शरीरानें ती मनुष्यास दूर ठेवते, दृष्टीनें ती त्याला जवळ नेते. दशरथाची कथा येथें आठवते. त्याचें धनुर्विद्येंतील कौशल्य अलौकिक होतें. तो आवाजावरून बाण मारी. श्रावणाच्या मृत्यूंत त्याच्या हाताची चूक कोठेंच नव्हती, बाण लागावयाचा तेथेंच लागला. चूक एवढीच कीं, जें पाहिलें नाहीं त्यावर त्यानें बाण सोडला. ज्याला दुर्बिणीशिवाय तीनशें यार्डांवरचा करडा ठिपका मारावयाचा मोह होतो तो शब्दवेध्याच्याच मार्गानें जात असतो. चांगली दुर्बीण त्याला त्या ठिपक्याचे डोळे, त्याचीं पिलें, त्याच्या मागें उभी असलेली गाय, हें सर्व दाखविते. पाहूनहि मारावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न मग तरी त्याच्यापुढें उभा राहतो.

द्रोणाचार्यांनीं घेतलेली परीक्षाहि प्रसिद्ध आहे. झाडावरच्या कृत्रिम पक्ष्यावर नेम धरून उभ्या असलेल्या युधिष्ठिरास काय दिसतें असें विचारलें, तेव्हां त्यास झाड, पक्षी, गुरु आणि भाऊ सर्वच दिसत होते. तो नापास झाला. अर्जुनास पक्ष्याखेरीज कांहीं दिसेना; तो उत्तीर्ण झाला. धनुर्विद्येचा निकाल बरोबरच होता. परंतु नीतिशास्त्राचा परीक्षक बसला असता तर त्यानें युधिष्ठिरास इतक्या लवकर बाजूस सारलें असतें काय, याची आम्हांस शंका आहे. तो पक्षी खरा असता तर तो कोणाचा, त्यापलीकडे कोण उभें आहे, हें युधिष्ठिरासच ठाऊक असतें. कमीअधिक शक्तीच्या दुर्बिणींत या दोन्ही दृष्टि एका नळींत आल्या आहेत. कडें खालीं आणलें कीं युधिष्ठिराचें विस्तृत क्षेत्र, वर नेलें कीं अर्जुनाचा एकच बिंदु. तिचा खरा उपयोग वरच्या टोकाइतकाच खालच्या टोकाशीं आहे, आणि म्हणूनच ६ पटींपासून सुरू होणाऱ्या दुर्बिणीपेक्षां ३ किंवा ४ पटींपासून सुरू होणारी दुर्बीण आम्हांस अधिक शहाणी वाटते. मात्र येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नुसतें न्याहाळण्यासाठीं बंदुकीवरील दुर्बीण वापरूं नये, कारण तिच्यानें ज्याच्याकडे पाहावें त्याच्यावर बंदूक रोखली जाते. प्राणी ओळखण्यासाठीं हातांत धरावयाची वेगळी दुर्बीण असावी, आणि परवडण्याच्या हिशेबांत तिचा खर्च आधीं धरावा.

हा विचार केवळ अमेरिकेपुरता आहे असेंहि नाहीं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत उंदीर, कावळा, फळें खाणारीं वटवाघळें यांना पीडक ठरविणारें पांचवें परिशिष्ट होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें तें गेलें, परंतु ठराविक प्रदेशापुरतें व मुदतीपुरतें एखाद्या प्राण्यास पीडक ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कायम आहे. २०१५ च्या अखेरीस बिहारमध्यें नीलगाय व रानडुक्कर यांना, आणि २०१६ सालीं हिमाचल प्रदेशांत माकडांना असें ठरविण्यांत आलें. कोंकणांतील बागाईतदारास माकडें आणि विदर्भांतील शेतकऱ्यास रानडुकरें किती छळतात, हें ज्यानें पाहिलें आहे तो 'मारूंच नका' असा सोपा उपदेश शहरांत बसून करणार नाहीं. आम्हीहि तो करीत नाहीं. उभें पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याचें दुःख खरें आहे, आणि त्याचें निवारण करण्याचा त्याचा हक्कहि खरा आहे. पण त्याच हक्काचा आधार घेऊन कोणी केवळ मारलेल्यांची संख्या मोजण्याच्या हौसेनें दिवसभर वसाहतीवर गोळ्या झाडीत बसला, तर त्याचा हेतु शेतकऱ्याचा राहत नाहीं. मारलेला प्राणी खाल्ला जात नाहीं, उचललाहि जात नाहीं. फुटणाऱ्या गोळीचें शिसें त्याच्या देहांत राहतें आणि त्यावर उतरणाऱ्या गरुड-गिधाडांच्या पोटांत जातें. याच कारणास्तव कॅलिफोर्नियानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी केली. हेतु शुद्ध असला तरच साधनाची चर्चा सार्थ होते. उत्तम दुर्बीण वाईट हेतूस फक्त अचूक करते.

राहतां राहिला तो गरीब मनुष्य. कोणी विचारील, तुमच्या तत्त्वानें तर ज्याच्यापाशीं पैसा आहे त्यालाच आपलें शेत राखतां येईल. ज्याच्यापाशीं स्वस्त दुर्बीणच आहे त्यानें काय करावें? हा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याचें उत्तर गणितांतच आहे. दुर्बिणीच्या कलांची चूक अंतराच्या प्रमाणांत वाढते. तीनशें यार्डांवर तीन इंचांची चूक शंभर यार्डांवर एक इंचाची होते. वाऱ्याची चूक तर अंतराहूनहि अधिक वेगानें वाढते. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा या हलक्या गोळीस तीनशें यार्डांवर अर्धा फूट किंवा त्याहून अधिक बाजूस नेतो, आणि हा वारा कोणत्याहि किंमतीच्या भिंगांतून मोजून मिळत नाहीं. म्हणजे श्रीमंताची दुर्बीणहि एका मर्यादेपलीकडे त्याला निर्दोष करूं शकत नाहीं, आणि गरिबास निर्दोष होण्याचा एक मार्ग नेहमीं मोकळा असतो: त्यानें जवळ जावें. वाकून, रांगत, वारा पाहून शंभर यार्ड पुढें सरकावयास डॉलर लागत नाहींत, धीर व श्रम लागतात. आणि जवळ जातां येत नसेल तर त्या दिवशीं घोडा ओढूं नये. ज्यानें कागदावर आपला नेम तपासून कोणत्या अंतरापर्यंत तो खात्रीचा आहे हें ठरविलें, आणि त्या अंतरापलीकडचा प्राणी सोडून दिला, त्याची साधी दुर्बीण त्या कामास पुरेशी आहे. ज्याला हें ठरवितां येत नाहीं त्याला सर्वांत महाग दुर्बीणहि अपुरी आहे.

तेव्हां आमच्या अमेरिकन गिऱ्हाइकास आम्ही एवढेंच सांगूं: आपल्या हातांस, ज्ञानास आणि संयमास जें अंतर पेलतें तें आधीं ठरवा, आणि त्या अंतरास खरेपणानें पुरेल अशी दुर्बीण घ्या. पैसे उरले तर ते कागदी लक्ष्यावरील सरावांत घाला. आणि पैसे अपुरे पडले, तर दुर्बिणीचा खरेपणा कमी करूं नका, अंतर कमी करा.